लिनक्सवर सॉफ्टवेअर पोचवायचं कसं: पॅकेजची निवड आणि तिसरा अपडेट

समजा, पावत्या आणि डिलिव्हरी चलनं छापणारा एक छोटा प्रोग्राम तुम्ही पुण्यात बसून लिहिलाय. पायथन भाषा, खिडक्या-बटणांसाठी क्यूटी ही लायब्ररी, डेटा एसक्यूलाइट या एका फाइलच्या डेटाबेसमध्ये, छपाई लेझर प्रिंटरवर नाहीतर यूएसबीच्या थर्मल प्रिंटरवर. तुमच्या लॅपटॉपवर तो झकास चालतो. आता तो चार ठिकाणी जायचाय. कोथरूडच्या एका सोसायटीच्या ऑफिसात जुना पीसी आहे, त्यावर लिनक्स मिंट २१. भोसरी एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये उबंटू २२.०४, आणि त्या मशिनला मुद्दाम इंटरनेट दिलेलं नाही. एका कॉलेजच्या लॅबमध्ये तीस पीसी, डेबियन १२, विद्यार्थ्यांकडे सुडो (रूट, म्हणजे मुख्य प्रशासक म्हणून आज्ञा चालवायची परवानगी) नाही. आणि हिंजवडीला नोकरी करणारी एक इंजिनिअर घरच्या लॅपटॉपवर फेडोरा वापरते, दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती टाकते.

ही चार ठिकाणं डोळ्यांसमोर ठेवूनच पुढचं वाचा, कारण ‘डेब, आरपीएम, ॲपइमेज, फ्लॅटपॅक, स्नॅप यांतलं कोणतं पॅकेज चांगलं’ या प्रश्नाला ठिकाण माहीत असल्याशिवाय उत्तर नाही. पहिलं इन्स्टॉल कसंही करून होतं. फोनवर समजावून सांगता येतं, पेन ड्राइव्ह घेऊन जाता येतं. कस लागतो तो तिसऱ्या अपडेटला. तोवर सोसायटीचे सेक्रेटरी बदललेले असतात, डिस्ट्रोची (मिंट, उबंटू, डेबियन, फेडोरा यांसारख्या लिनक्सच्या प्रकाराची) नवी आवृत्ती आलेली असते आणि तुम्ही दुसऱ्या कामात गुंतलेले असता. म्हणून निवड करताना शेवटाकडून सुरुवात करा: तिसरा अपडेट त्या मशिनवर कोण टाकणार, कशाने टाकणार आणि त्याला तशी परवानगी आहे का?

प्रत्येक ठिकाणासाठी एका कागदावर एवढं लिहून काढा. डिस्ट्रो आणि तिची आवृत्ती. सुडो कुणाकडे. नेट आहे का, असेल तर प्रॉक्सीमागे आहे का. आणि प्रोग्रामला होम फोल्डरच्या पलीकडे काय लागतं: प्रिंटर, सिरियल पोर्ट, यूएसबी, बॅकग्राउंड सर्व्हिस. हा शेवटचा मुद्दाच नेमका राहून जातो, आणि सगळी निवड फिरवतो तोही हाच.

उदाहरण थर्मल प्रिंटरचं घ्या. तापकीर गल्लीतून आणलेला स्वस्तातला प्रिंटर यूएसबीला लावला की त्याचा डिव्हाइस नोड (त्या प्रिंटरची सिस्टिममधली फाइल) तयार होतो, पण साध्या वापरकर्त्याला त्यावर लिहायची परवानगी असतेच असं नाही. ती द्यायला यूडेव्हचा (डिव्हाइस जोडलं की परवानग्या ठरवणाऱ्या यंत्रणेचा) नियम लागतो आणि तो नियम सिस्टिमच्या फोल्डरात बसतो. डेब (डेबियन, उबंटू, मिंटचं पॅकेज) किंवा आरपीएम (फेडोराचं) तो बसवू शकतं. फ्लॅटपॅक आणि ॲपइमेज बसवू शकत नाहीत. नियमात मशिनसमोर बसलेल्या वापरकर्त्याला परवानगी देणारा ‘यूॲक्सेस’ टॅग वापरणार असाल तर फाइलच्या नावातला सुरुवातीचा आकडा ७३ पेक्षा लहान ठेवा. या टॅगवरची कारवाई ७३ क्रमांकाच्या ‘सीट-लेट’ नावाच्या फाइलमध्ये होते, त्यामुळे ९९ ने सुरू होणारी तुमची फाइल वाचली जाते, टॅगही लागतो, पण परवानगी काही मिळत नाही. यावर तासन्‌तास जातात. त्याहून सोपा उपाय म्हणजे प्रिंटर कप्स या लिनक्सच्या छपाई यंत्रणेत एकदा नोंदवून घ्या आणि प्रोग्राममधून छपाई कप्सकडेच पाठवा. मग नियमाची गरज उरत नाही आणि पॅकेजचे सगळे पर्याय पुन्हा मोकळे होतात.

बांधणी कुठल्या मशिनवर?

डेब, आरपीएम किंवा ॲपइमेज यांपैकी काहीही करणार असाल तर आधी जीलिबसी, म्हणजे जवळपास प्रत्येक प्रोग्राम जिच्यावर उभा असतो ती लिनक्सची मूळ सी लायब्ररी, समजून घ्या. नव्या जीलिबसीवर बांधलेली बायनरी (चालवता येणारी तयार फाइल) जुन्या जीलिबसीवर चालेल याची खात्री नाही. जुन्यावर बांधलेली नव्यावर चालते. आकडे हाताशी ठेवा: आरएचईएल (रेड हॅटचं लिनक्स) ८ मध्ये २.२८, डेबियन ११ आणि उबंटू २०.०४ मध्ये २.३१, आरएचईएल ९ मध्ये २.३४, उबंटू २२.०४ आणि त्यावर उभ्या मिंट २१ मध्ये २.३५, डेबियन १२ मध्ये २.३६, उबंटू २४.०४ मध्ये २.३९, डेबियन १३ मध्ये २.४१.

यातली २.३४ ही उंच पायरी आहे. त्या आवृत्तीत थ्रेडची स्वतंत्र लायब्ररी मूळ सी लायब्ररीत मिसळली गेली आणि प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनलाच नवा आवृत्ती-क्रमांक मिळाला. त्यामुळे काहीही न करणारा रिकामा प्रोग्रामसुद्धा २.३४ किंवा पुढच्या मशिनवर बांधला की २.३१ वर ‘जीलिबसी २.३४ सापडली नाही’ म्हणून थांबतो. दुसरी पायरी २.३८ ची; तिथे मजकुरातून आकडे वाचणाऱ्या फंक्शनांच्या नव्या आवृत्त्या आल्या. म्हणजे तुमचा लॅपटॉप उबंटू २४.०४ वर असेल आणि तिथेच पायइन्स्टॉलरने गठ्ठा बांधला, तर तो हिंजवडीच्या फेडोरावर चालेल आणि कोथरूड, भोसरी, कॉलेज तिन्हीकडे आपटेल. पायइन्स्टॉलर पायथन आणि बाकीच्या लायब्ररी गोळा करतो, जीलिबसी मात्र गोळा करत नाही.

उपाय साधा आहे. पॉडमन किंवा डॉकरमध्ये तुमच्या यादीतल्या सगळ्यात जुन्या डिस्ट्रोचा कंटेनर (मशिनमध्येच वेगळा चालणारा त्या डिस्ट्रोचा संच) चालवा आणि बांधणी त्यातच करा. आपल्या चार ठिकाणांसाठी उबंटू २२.०४ चा कंटेनर पुरेसा आहे. बांधून झालं की ‘ऑब्जडंप’ला मोठ्या टीचा पर्याय देऊन बायनरीची सिंबॉल यादी, म्हणजे तिला लागणाऱ्या फंक्शनांची यादी, काढा, त्यात जीलिबसी शोधा आणि सगळ्यात मोठा आकडा पाहा. हे मुख्य बायनरीपुरतं करून थांबू नका. गठ्ठ्यात आलेल्या प्रत्येक लायब्ररीवर करा. बाहेरून उचललेली एखादी तयार लायब्ररीच बहुधा घात करते.

पायइन्स्टॉलरचा आणखी एक खड्डा. तो आपल्या लायब्ररी सापडाव्यात म्हणून लायब्ररी शोधायच्या मार्गाचं एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल बदलतो. तुमच्या ‘पीडीएफ उघडा’ बटणाने बाहेरचा प्रोग्राम सुरू केला की तो बदललेला मार्ग त्यालाही वारशाने मिळतो, तो तुमच्या गठ्ठ्यातल्या लायब्ररी उचलतो आणि मुकाट कोसळतो. वापरकर्त्याला एवढंच दिसतं की बटण दाबलं, काही झालं नाही. बाहेरचा प्रोग्राम सुरू करण्याआधी ते व्हेरिएबल मूळ किमतीवर आणा; मूळ किंमत पायइन्स्टॉलर शेवटी ‘ओरिग’ लावलेल्या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवतो.

आणि पायथनची पॅकेजं टाकणाऱ्या साधनाची ‘पिप इन्स्टॉल करा’ एवढीच सूचना देऊन मोकळं होऊ नका. डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथनवर पिप चालवलं की ‘हे एन्व्हायर्न्मेंट बाहेरून सांभाळलं जातं’ अशा अर्थाची एरर येते आणि काम तिथेच थांबतं. मग लोक सिस्टिम पॅकेज मोडण्याची परवानगी देणारा पर्याय इंटरनेटवरून उचलून चिकटवतात. तुमच्या प्रोग्रामपायी त्यांचं मशिन बिघडलं तर तो दोष तुमचा.

डेब आणि आरपीएम

मशिन सांभाळणारी व्यक्ती ठरलेली असेल, तिच्याकडे सुडो असेल किंवा प्रोग्रामला सिस्टिममध्ये काही बसवायचं असेल, तर डेब. कॉलेजचा लॅब असिस्टंट तीस मशिनवर एकदम काम करतो ते ॲप्टनेच, म्हणजे डेब पॅकेजं उतरवून टाकणाऱ्या साधनानेच.

डेब बांधायच्या दोन तऱ्हा आहेत. एक, डिस्ट्रोच्याच लायब्ररींवर अवलंबून राहायचं. पॅकेज छोटं होतं, सुरक्षा-दुरुस्त्या डिस्ट्रो देते, पण प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळं डेब बांधावं लागतं. आयसीयू या भाषा-लिपी हाताळणाऱ्या लायब्ररीचं उदाहरण बोलकं आहे: उबंटू २२.०४ मध्ये ती ७०, डेबियन १२ मध्ये ७२, उबंटू २४.०४ मध्ये ७४, आणि क्रमांक पॅकेजच्या नावातच असतो. २२.०४ वर बांधलेलं डेब आयसीयू ७० मागणार आणि बाकी दोघं ‘ते आमच्याकडे नाही’ म्हणणार. दुसरी तऱ्हा म्हणजे सगळा गठ्ठा ‘ऑप्ट’ फोल्डरात ठेवायचा आणि डिपेंडन्सी, म्हणजे आधी लागणारी दुसरी पॅकेजं, मोजक्या ठेवायच्या. दोनचार माणसांच्या टीमने दुसरीच तऱ्हा घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र गठ्ठ्यातल्या ओपनएसएसएलसारख्या लायब्ररीत भोक सापडलं की नवीन डेब काढायची जबाबदारी मग तुमचीच.

मोजक्या डिपेंडन्सीतही एक नाव विसरू नका. क्यूटी ६.५ पासून एक्ससीबी-कर्सर ही लायब्ररी सिस्टिमवर नसेल तर खिडकी उघडतच नाही; टर्मिनलवर तसं स्पष्ट लिहून येतं, पण मेनूतून प्रोग्राम उघडणाऱ्या माणसाला काहीच दिसत नाही. ताज्या उबंटूवर ती असेलच असं नाही. डेबच्या डिपेंड्समध्ये (लागणाऱ्या पॅकेजच्या यादीत) ती लिहा, आणि भोसरीला जाताना तिची डेब फाइल पेन ड्राइव्हवर सोबत घ्या, नाहीतर एवढ्यासाठी परत फेरी पडेल.

उबंटू २४.०४ मध्ये वेळ मोजण्याचा आकडा ६४ बिटचा करताना कित्येक लायब्ररींच्या नावांना ‘टी६४’ अशी शेपटी लागली. बहुतेक ठिकाणी जुनं नावही चालून जातं. पण आवाजाच्या असाउंड२ सारख्या पॅकेजच्या जुन्या नावावर दोन दावेदार आहेत, त्यामुळे तुमच्या सूचनापत्रात हाताने लिहिलेली ‘ॲप्टने असाउंड२ टाका’ ही ओळ तिथे अडते. अशा ठिकाणी डिपेंड्समध्ये नवं नाव, उभी रेघ, मग जुनं नाव असे दोन्ही पर्याय द्या.

छोट्या गोष्टी, पण रोज नडणाऱ्या: वापरकर्त्याला डेब थेट टाकणाऱ्या डीपीकेजीची आज्ञा शिकवू नका, तो डिपेंडन्सी आणत नाही, ‘ॲप्ट इन्स्टॉल’ आणि पुढे टिंब-तिरकी रेघ लावून फाइलचं नाव, असं सांगा. उबंटूवर बांधलेलं डेब झेडस्टँडर्डने दाबलेलं असतं आणि डेबियन ११ चा डीपीकेजी ते उघडू शकत नाही; बांधताना एक्सझेड निवडा. चाचणीच्या आवृत्तीला १.०~बीटा१ असं टिल्ड लावून नाव द्या, म्हणजे ती १.० च्या आधीची ठरते. हायफन लावलात तर पुढे आलेल्या १.० ला ॲप्ट अपडेट मानणार नाही. आणि पोस्ट-इन्स्टॉल स्क्रिप्टने वापरकर्त्याच्या होम फोल्डरला हात लावायचा नाही. ती रूट म्हणून चालते, आणि रूटच्या मालकीची डेटाबेस फाइल तिथे तयार झाली की दुसऱ्या दिवशी प्रोग्राम ‘फक्त वाचता येईल’ म्हणत बसतो.

डेब फाइल वेबसाइटवर ठेवली की अपडेटचा प्रश्न सुटला असं नाही. त्यासाठी रिपॉझिटरी, म्हणजे ॲप्ट जिथून नवी पॅकेजं उतरवतं ती जागा, हवी. ॲप्टली किंवा रेप्रेप्रो या साधनांनी ती बनते, कुठल्याही साध्या वेब होस्टिंगवर चालते. जीपीजी किल्लीने डिजिटल सही करा, म्हणजे पॅकेज तुमचंच आहे हे मशिनला तपासता येतं. वापरकर्त्याकडे किल्ली ईटीसी, ॲप्ट, कीरिंग्ज या फोल्डरात ठेवा आणि सोर्सच्या फाइलमध्ये ‘साइन्ड-बाय’ने तिच्याकडे बोट दाखवा. जुनी ‘ॲप्ट-की’ आज्ञा वापरू नका; तिने टाकलेल्या किल्लीवर मशिनमधल्या सगळ्याच रिपॉझिटरींसाठी विश्वास बसतो. लॅबमध्ये अपडेट आपोआप जावेत अशी इच्छा असेल तर ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’च्या सेटिंगमध्ये तुमच्या रिपॉझिटरीचा ओरिजिन लिहावा लागतो. मुळात तिथे डिस्ट्रोचीच नावं असतात, त्यामुळे रिपॉझिटरी जोडलेली असूनही तुमचं पॅकेज वर्षानुवर्षं जुनंच राहू शकतं.

आरपीएमचं तत्त्व हेच. फेडोरासाठी कोपर ही बांधणी-सेवा, आणि एकाच जागेवरून अनेक डिस्ट्रोंसाठी बांधायचं तर ओपनसुसेची ओपन बिल्ड सर्व्हिस. पण फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण १३ महिनेच टिकते; एकट्या माणसाने त्या मागे धावू नये.

ॲपइमेज

एकच फाइल, इन्स्टॉल नाही, सुडो नाही. दाखवायला आणि ‘आमच्या मशिनवर चालतं का बघा’ म्हणायला याहून सोयीचं काही नाही. सगळ्या ऑफिसची भिस्त मात्र यावर ठेवू नका.

पहिली अडचण डाउनलोड झाल्या झाल्या: फाइलला चालवण्याची परवानगी नसते, ती प्रॉपर्टीजमध्ये जाऊन द्यावी लागते. दुसरी, जुन्या पद्धतीच्या ॲपइमेजला फ्यूजची (फाइल फोल्डरासारखी उघडणाऱ्या लायब्ररीची) दुसरी आवृत्ती लागते आणि उबंटू २२.०४ पासून ती मुळात येत नाही. नवा, स्थिर जोडणीचा (फ्यूज आतच असलेला) रनटाइम वापरून बांधलंत तर ही अडचण जाते. तिसरी इलेक्ट्रॉनवाल्यांची, म्हणजे क्रोमियम ब्राउझर आत घेऊन प्रोग्राम बनवणाऱ्यांची. उबंटू २४.०४ मध्ये ॲपआर्मर या सुरक्षा यंत्रणेने साध्या वापरकर्त्याच्या यूजर नेमस्पेसवर (प्रोग्रामला वेगळं कोंडायच्या सोयीवर) बंधन आणलं, त्यामुळे क्रोमियमचा सँडबॉक्स (सुरक्षेचं कुंपण) उभा राहत नाही आणि प्रोग्राम सुरूच होत नाही. सगळीकडे सुचवला जाणारा इलाज म्हणजे सँडबॉक्स बंद करून चालवणं. तो वापरकर्त्यांना देऊ नका. वेबचा मजकूर दाखवणाऱ्या प्रोग्रामचं कुंपणच त्याने काढून टाकलं जातं. इलेक्ट्रॉन असेल तर डेब काढा आणि त्यासोबत यूजर नेमस्पेसची परवानगी देणारा ॲपआर्मर प्रोफाइल बसवा.

ॲपइमेजमध्ये ग्राफिक्सची जीएल लायब्ररी भरू नका. ती त्या मशिनच्या ग्राफिक्स ड्रायव्हरशी जुळलेली असावी लागते, तुमची भरलीत तर पडदा काळा. कॉलेजमध्ये चालवायचं असेल तर होम फोल्डर ‘नोएक्झेक’ने माउंट केलेलं नाही ना, हे आधी विचारा. तसं असेल तर परवानगी देऊनही फाइल चालत नाही. अपडेटसाठी झेडसिंकची माहिती फाइलमध्ये भरता येते, म्हणजे बदललेला भागच उतरतो, पण ते चालवणारं साधन वापरकर्त्याकडे असावं लागतं. बहुतेकांकडे नसतं, आणि जुनी फाइल डाउनलोड्स फोल्डरात तशीच चालत राहते.

फ्लॅटपॅक

कोथरूड आणि हिंजवडी या दोन्ही ठिकाणांना एकाच बांधणीत पोचायचं असेल तर फ्लॅटपॅक. जीलिबसीचा प्रश्न इथे उरत नाही, कारण प्रोग्राम मशिनच्या लायब्ररींवर न चालता ठरलेल्या रनटाइमवर (वेगळ्या उतरणाऱ्या लायब्ररींच्या संचावर) चालतो. मिंट आणि फेडोरा दोन्हीकडे फ्लॅटपॅक आधीपासून असतं. उबंटूवर ते आधी टाकून घ्यावं लागतं.

मॅनिफेस्ट, म्हणजे बांधणीची कृती सांगणाऱ्या फाइलमध्ये आयडी, रनटाइम, एसडीके (बांधणीची साधनं), सुरू करायची आज्ञा, परवानग्या आणि मॉड्यूल्स एवढं लिहायचं. आयडी म्हणजे तुमचं डोमेन उलटं लिहून पुढे प्रोग्रामचं नाव. डोमेन नसेल तर गिटहबच्या खात्यावरून घेता येतो, पण जमत असेल तर डोमेन घ्याच. मिंट २२ च्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये पडताळणी न झालेले फ्लॅटपॅक मुळात लपवलेले असतात. फ्लॅटहबवर (फ्लॅटपॅकच्या मुख्य दुकानावर) पडताळणी केली नाहीत तर उद्या सोसायटीने मिंट २२ टाकल्यावर शोधूनही तुमचा प्रोग्राम दिसणार नाही. आयडी नंतर बदलणं त्रासाचं असतं, कारण वापरकर्त्याचा डेटा त्याच नावाच्या फोल्डरात असतो.

पायसाइडसाठी (पायथनमधून क्यूटी वापरायच्या लायब्ररीसाठी) फ्लॅटहबवर तयार बेसॲप, म्हणजे आयता पाया आहे, ते घ्या. क्यूटी स्वतः बांधत बसू नका. फ्लॅटहबवर बांधणी चालू असताना नेट बंद असतं, त्यामुळे पिपने आयत्या वेळी काही उतरवता येत नाही. फ्लॅटपॅक-पिप-जनरेटर हे साधन प्रत्येक पॅकेजचा पत्ता आणि एसएचए-२५६ बेरीज (फाइल बदललेली नाही हे तपासायचा आकडा) लिहिलेली फाइल बनवून देतं, ती मॅनिफेस्टला जोडा. सोबत ॲपस्ट्रीमची मेटाइन्फो फाइल हवी: वर्णन, स्क्रीनशॉट, आवृत्त्यांची यादी, वयोगटाची माहिती. ती ‘ॲपस्ट्रीमसीएलआय’ने आणि मॅनिफेस्ट फ्लॅटपॅक-बिल्डर-लिंटने तपासून मगच फ्लॅटहबच्या ‘न्यू-पीआर’ शाखेवर विनंती पाठवा.

परवानग्यांत हात आखडता घ्या. खिडक्या दाखवणाऱ्या वेलँडचं सॉकेट, जुनं एक्स११ फक्त पर्याय म्हणून, आयपीसी, ग्राफिक्ससाठी डीआरआय, छपाईसाठी कप्सचं सॉकेट; पावत्यांच्या प्रोग्रामला एवढं पुरतं. सगळं होम फोल्डर मागू नका. फाइल निवडायची खिडकी पोर्टलमधून (सँडबॉक्सबाहेरच्या मध्यस्थातून) उघडते आणि वापरकर्त्याने निवडलेली फाइल तेवढी आत येते.

इथला सगळ्यात वाईट अपघात नीट समजून घ्या. कोडमध्ये डेटाबेसचा मार्ग ‘होम, डॉट-लोकल, शेअर’ असा हाताने लिहिला असेल आणि होमची परवानगी नसेल, तर सँडबॉक्समधलं ते होम तात्पुरतं असतं. लिहिणं यशस्वी होतं, एरर येत नाही, दिवसभर पावत्या निघतात. प्रोग्राम बंद केला की सगळ्या गेल्या. मार्ग नेहमी एक्सडीजी-डेटा-होम या व्हेरिएबलवरून किंवा क्यूटीच्या स्टँडर्ड-पाथ्समधून घ्या. मग डेटा होममधल्या डॉट-व्हार, ॲप, तुमचा आयडी या फोल्डरात नीट राहतो. चालू डेटाबेस पोर्टलमधून निवडलेल्या फाइलवर उघडू नका. एसक्यूलाइटला मूळ फाइलच्या शेजारी जर्नलची फाइल लागते आणि पोर्टल परवानगी देतं ती एकाच फाइलची. पोर्टल बॅकअप आणि एक्सपोर्टसाठी वापरा. आधी डेब वापरणाऱ्याला फ्लॅटपॅकवर आणायचं असेल तर जुना डेटा आत घ्यायचं बटण द्या, नाहीतर पहिल्याच दिवशी रिकामी यादी पाहून सेक्रेटरींच्या पोटात गोळा येईल.

नेट नसलेल्या मशिनसाठी एका फाइलचं बंडल बनवता येतं, पण रनटाइम त्यात नसतो. रिकाम्या मशिनवर ते बंडल इन्स्टॉल होणार नाही. ‘क्रिएट-यूएसबी’ आज्ञेने प्रोग्राम आणि रनटाइम दोन्ही पेन ड्राइव्हवर उतरवावे लागतात. रनटाइमचे काहीशे एमबी धरून चाला. भोसरीसाठी यापेक्षा डेब सुटसुटीत.

फ्रीडेस्कटॉपचा रनटाइम साधारण दोन वर्षं सांभाळला जातो, ग्नोमचा एक वर्षाच्या आसपास. मुदत संपली की अपडेटच्या वेळी वापरकर्त्याला इशारा दिसू लागतो. वर्षातून एकदा मॅनिफेस्टमधला रनटाइम वर नेऊन पुन्हा चाचणी करायचं काम दिनदर्शिकेत मांडून ठेवा.

स्नॅप

स्नॅप हे उबंटूचं स्वतःचं पॅकेज. तुमचे वापरकर्ते मुख्यतः उबंटूवर असतील तरच. चॅनेलची सोय छान आहे: एज, बीटा, कँडिडेट, स्टेबल, आधी दोन ऑफिसांना कँडिडेट द्या, आठवड्याने बाकीच्यांना स्टेबल. बिघडलं तर ‘रिव्हर्ट’ने मागची आवृत्ती परत येते. अपडेट आपोआप होतात, दिवसातून चार वेळा तपासणी होते. मिंटमध्ये २०२० च्या मिंट २० पासून स्नॅपडी (स्नॅप चालवणारा प्रोग्राम) ॲप्टमधून येणार नाही अशी तजवीज केलेली आहे, म्हणजे कोथरूड बाद. क्लासिक प्रकारचं, म्हणजे कुंपण नसलेलं स्नॅप स्टोअरमध्ये जायला माणसाकडून तपासणी होते. आणि काढता येणाऱ्या डिस्कची परवानगी आपोआप जोडली जात नाही. पेन ड्राइव्हवर बॅकअप घेणाऱ्याला ती एकदा हाताने जोडून द्यावी लागते.

मराठी नीट चालतंय का

ही तपासणी आपणच करायची. दुसरं कुणी करून देणार नाही.

टाइप करून बघा. आयबसवर (टायपिंगची भाषा बदलणाऱ्या प्रोग्रामवर) इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावा आणि पावतीवर नाव लिहा. गठ्ठा बांधताना क्यूटीच्या ‘प्लॅटफॉर्म-इनपुट-कॉन्टेक्स्ट्स’ फोल्डरातलं आयबसचं प्लगइन वगळलं गेलं असेल तर कीबोर्ड बदलूनही इंग्रजीच उमटतं. दुसरीकडून कॉपी करून चिकटवलं तर मराठी व्यवस्थित दिसतं, त्यामुळे चाचणी घेणाऱ्याला दोष कळत नाही. पायइन्स्टॉलर आणि ॲपइमेज दोन्हींत ते फोल्डर उघडून डोळ्यांनी पाहा.

फॉन्ट. फ्लॅटपॅकला मशिनवरचे फॉन्ट दिसतात, पण मशिनवर देवनागरी फॉन्टच नसेल तर चौकोन येणार. डेबच्या ‘रेकमेंड्स’मध्ये लोहित देवनागरी किंवा नोटो लिहा, नाहीतर खुल्या परवान्याचा फॉन्ट सोबत द्या. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ ज्या फॉन्टमध्ये वेगळे दिलेले असतात, तिथेसुद्धा मजकुराची भाषा मराठी आहे हे कळल्याशिवाय ते उमटत नाहीत. हिंदी वळण येतं. लोकेल (मशिनची भाषा) इंग्रजी असलेल्या मशिनवरही पावती मराठी वळणात हवी असेल तर मजकुराला भाषा कोडमधूनच सांगा. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ छापून बघा: ‘सुऱ्या’, ‘कऱ्हाड’.

भाषांतर. फ्लॅटपॅक मशिनच्या भाषेपुरत्याच भाषांतराच्या फाइली उतरवतं. सिस्टिम इंग्रजीत ठेवून प्रोग्राम मराठीत वापरणाऱ्याला ‘फ्लॅटपॅक कॉन्फिग’ने भाषांच्या यादीत मराठी घालून पुन्हा अपडेट चालवावं लागतं. मदतीच्या पानावर ही ओळ आधीच लिहून ठेवा. डेस्कटॉप फाइलमध्ये नाव आणि वर्णन मराठीतही द्या, म्हणजे मेनूत ‘पावती’ टाइप करून प्रोग्राम सापडतो. ती फाइल डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेटने तपासा; तिचं नाव आणि प्रोग्रामने वेलँडला सांगितलेला आयडी जुळत नसेल तर खाली पट्टीवर तुमच्या आयकॉनऐवजी सरधोपट चित्र येतं. शेवटी ‘पावत्या २०२५’ असं मराठी, मध्ये जागा असलेलं फोल्डर बनवा आणि एक्सपोर्ट त्यातच करून बघा.

मग आपल्या चार ठिकाणांना काय?

फ्लॅटपॅक कोथरूडला आणि हिंजवडीला. मिंटचा अपडेट मॅनेजर फ्लॅटपॅकचेही अपडेट दाखवतो, त्यामुळे सेक्रेटरी बदलले तरी बटण तेच राहतं. उबंटू २२.०४ च्या कंटेनरमध्ये बांधलेलं, ‘ऑप्ट’मध्ये बसणारं एकच डेब भोसरीला पेन ड्राइव्हवरून आणि कॉलेजला रिपॉझिटरीतून. ॲपइमेज फक्त चाखून बघायला. दोन फॉरमॅट मनापासून सांभाळणं जमतं. पाच सुरू केले तर तीन हमखास शिळे होतात, आणि शिळं पॅकेज पाहून नवा माणूस प्रोग्रामच मेला असं धरून चालतो. आर्च या डिस्ट्रोसाठी कुणी आपणहून एयूआरमध्ये (तिथल्या वापरकर्त्यांच्या पॅकेज-संग्रहात) कृती लिहिली तर तिला सोर्सचा नीट टॅग आणि बेरीज द्या, एवढं पुरे.

चाचणीला व्हर्च्युअल मशिन घ्या आणि प्रत्येकाचा स्नॅपशॉट अगदी कोरा ठेवा: मिंट २१, उबंटू २२.०४ व २४.०४, डेबियन १२, चालू फेडोरा. तुमच्या रोजच्या मशिनवरची चाचणी धरू नका, तिथे शंभर लायब्ररी आधीच पडलेल्या असतात. वेगवेगळ्या हार्डवेअरवर कुणाकडून पाहून घ्यायचं असेल तर पुण्यात प्लग हा लिनक्स वापरणाऱ्यांचा जुना गट आहे, तिथे विचारा.

नवं इन्स्टॉल तपासून झालं की अपडेट तपासा, आणि तो मागच्या आवृत्तीवरून नको, त्याच्याही मागच्या आवृत्तीवरून. दोन आवृत्त्यांपूर्वीचं पॅकेज टाका, त्यात पन्नास पावत्या काढा, मशिन बंद करून सुरू करा, मग थेट नवं पॅकेज टाका. डेटाबेसचा साचा बदलणार असेल तर प्रोग्रामने आधी फाइलची तारीख घातलेली प्रत काढून मगच बदल करावा. एसक्यूलाइटमध्ये साच्याचा क्रमांक ‘यूजर-व्हर्जन’ या प्रॅग्मात (डेटाबेसच्या सेटिंगमध्ये) ठेवता येतो. जुन्या प्रोग्रामने नव्या क्रमांकाचा डेटाबेस उघडला तर त्याने स्पष्ट मराठीत नकार द्यावा, अर्धवट चालू नये.

आणि रिपॉझिटरीच्या जीपीजी किल्लीची मुदत आजच बघून ठेवा. ती संपली की तीसच्या तीस मशिनवर ॲप्ट अपडेट करताना किल्लीची मुदत संपल्याची एरर येते आणि तुमचे अपडेट जागीच थांबतात. मुदत वाढवलेली किल्ली वापरकर्त्यांपर्यंत न्यायला एक छोटं कीरिंग पॅकेज बनवा, ते मूळ प्रोग्रामच्या डिपेंड्समध्ये घाला, आणि मुदत संपायच्या निदान सहा महिने आधी त्याची नवी आवृत्ती सोडा. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने बंद असलेल्या लॅबलासुद्धा मग नवी किल्ली वेळेत मिळते.